आलेखाची दोन टोके



बीजगणितावर रेडिओवरून बोलायचे म्हणजे बोलणाऱ्याची पंचाईतच असते. इथे फळा नाही, खडू नाही, आणि ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी पडली तर ती दिसायची सोय नाही. आता हे भाषण छापील स्वरूपात तुमच्या हातात आहे, तेव्हा एक करा. पेन्सिल आणि पाठकोरा कागद घेऊन बसा. घरात वरच्या वर्गात शिकणारे कोणी असेल तर त्यालाही शेजारी बसवा.

आजचा विषय आहे बहुपदीच्या आलेखाची टोके. वर्गात हा भाग बहुधा चार ओळींच्या तक्त्याने उरकला जातो. कोटी सम की विषम, सहगुणक धन की ऋण, आणि त्यावरून टोक वर की खाली. मुले तक्ता पाठ करतात, परीक्षेत एखादी ओळ उलटी आठवते आणि गुण जातात. मीही वर्गावर असताना पहिली काही वर्षे तो तक्ताच फळ्यावर लिहीत असे. एके दिवशी एका मुलीने विचारले, "गुरुजी, मधल्या पदांनी काय पाप केलं, की त्यांना कोणी विचारतच नाही?" प्रश्न रास्त होता. मला मात्र त्या दिवशी धड उत्तर देता आले नाही. ते आज देतो.

आधी शब्द समजून घेऊ. क्ष ही एक बदलती संख्या. तिचा वर्ग, घन, चौथा घात अशी पदे घेऊन, प्रत्येकाला कुठल्यातरी संख्येने गुणून बेरीज-वजाबाकी केली की झाली बहुपदी. गुणणारी संख्या म्हणजे सहगुणक. सर्वांत मोठा घात जितका, तितकी त्या बहुपदीची कोटी. ही कोटी म्हणजे शंभर लाखांची कोटी नव्हे, आणि विनोदातली कोटी तर नव्हेच. क्षला एकेक किंमत देत जायचे, येईल ते उत्तर य म्हणून वर किंवा खाली मांडायचे आणि ठिपके जोडायचे, की आलेख तयार. क्ष उजवीकडे किंवा डावीकडे दूर दूर नेला तर रेघ कुठे जाते, एवढेच आज पाहायचे आहे.

आता मुलीचा प्रश्न. धान्यासाठी पत्र्याची चौरस पेटी करायची आहे, सगळ्या बाजू सारख्या. बाजू १ फूट असेल तर सहा तोंडांना पत्रा ६ चौरस फूट लागतो आणि आत धान्य मावते १ घनफूट. पत्र्याचा आकडा सहापट मोठा. बाजू २ फूट केली तर पत्रा २४, धान्य ८. अजून पत्राच पुढे आहे. बाजू ६ फूट झाली की दोन्ही आकडे २१६, बरोबरी झाली. १० फुटांना पत्रा ६०० आणि धान्य १०००. इथून पुढे पत्रा धान्याला कधीच गाठू शकत नाही. बाजू दुप्पट केली की पत्रा चौपट होतो, पण धान्य आठपट. पत्र्याच्या बाजूला सहाचा सहगुणक होता, म्हणून आरंभी तो मिरवत होता. पण शर्यत लांबली की मोठा घातच जिंकतो.

तीच गोष्ट अधिक कडक उदाहरणावर पाहा. य बरोबर क्षघन वजा शंभर क्षवर्ग. क्ष १० असता १००० वजा १०,०००, म्हणजे उणे ९०००. क्ष ५० असता उणे सव्वा लाख. इथे थांबणारा कोणीही शपथेवर सांगेल, की ही रेघ पाताळात चालली आहे. पण क्ष १०० झाला की उत्तर शून्य. २०० झाला की ऐंशी लाखांतून चाळीस लाख जाऊन चाळीस लाख उरतात. आणि १००० झाला की शंभर कोटींतून जेमतेम दहा कोटी वजा होतात, नव्वद कोटी शिल्लक. मधल्या पदाने पाप काही केलेले नाही. त्याने आपले काम केलेच आहे: रेघ शंभरपर्यंत खाली दाबून धरली. दूरवर मात्र त्याचे बळ पुरत नाही. मग त्याचा सहगुणक शंभर असो की दहा लाख. वळण तेवढे लांबणीवर पडते, चुकत नाही.

म्हणून टोकांपुरते एकच पद पाहायचे, सर्वांत मोठ्या घाताचे. क्ष उजवीकडे नेला तर त्याचा कुठलाही घात धनच राहतो. तेव्हा उजवे टोक सहगुणकाच्या चिन्हावर ठरते: धन असेल तर वर, ऋण असेल तर खाली. डावीकडे क्ष ऋण असतो. ऋण संख्या सम वेळा गुणली तर चिन्हे जोडीजोडीने फिटतात आणि उत्तर धन येते. विषम वेळा गुणली तर एक उणे चिन्ह एकटे उरते. म्हणून कोटी सम असेल तर दोन्ही टोके एकाच दिशेला, विषम असेल तर एकमेकांच्या विरुद्ध.

चित्र हवे असेल तर गावातलेच घ्या. कोटी सम आणि सहगुणक धन, ही बैलाची शिंगे: दोन्ही वर. सहगुणक ऋण केला की झाले घराचे छप्पर: दोन्ही पाखी खाली. विषम कोटीला मला मोटेची धाव आठवते. मोटा गेल्या, पंप आले, पण जुन्या विहिरीवर धावेचा उतार अजून दिसतो. विहिरीकडचे टोक उंच, दुसरे सखल. विहीर उजव्या हाताला ठेवून पाहा, डावीकडून उजवीकडे चढ दिसेल. हा धन सहगुणक. धाव ओलांडून पलीकडे उभे राहा, विहीर डाव्या हाताला आली आणि चढाचा उतार झाला, हा ऋण. धाव तीच, फक्त चिन्ह पालटले. अर्थात शिंगांच्या किंवा उताराच्या मध्ये रेघ किती वेळा वरखाली होईल, ते टोके सांगत नाहीत. कोटीहून एकाने कमी, इतकी वळणे जास्तीत जास्त, एवढेच सांगता येते.

इतके कळून उपयोग काय, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी आपल्या मुलखाशी नाते असलेले एक उदाहरण घेतो. चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवळात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची हकिगत त्यात कोरली आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. 'सिद्धान्तशिरोमणि' त्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी रचला. त्याच्या बीजगणिताच्या भागात चौथ्या घाताचे, त्यांच्या भाषेत वर्गवर्गाचे, एक समीकरण आहे. आजच्या रीतीने ते असे: क्षचा चौथा घात, वजा दोन क्षवर्ग, वजा चारशे क्ष, बरोबर ९९९९.

भास्कराचार्यांचे उत्तर ११. पडताळून पाहा: १४,६४१ मधून २४२ आणि ४४०० वजा केले की नेमके ९९९९ उरतात. आता ९९९९ अलीकडे आणून आलेखाची टोके पाहू. कोटी चार, सम. सहगुणक एक, धन. म्हणजे बैलाची शिंगे, दोन्ही टोके वर. आणि क्ष शून्य असता य किती? उणे ९९९९, म्हणजे रेघ आडव्या अक्षाच्या खूप खाली. बहुपदीची रेघ मध्ये कुठेही तुटत नाही. मग खालून वर जाताना तिने उजवीकडे अक्ष ओलांडायलाच हवा. तो ११ वर ओलांडला. पण डावे शिंगही वरच गेले आहे! म्हणजे डावीकडेही अक्ष कुठेतरी ओलांडला गेला असलाच पाहिजे. एक ऋण उत्तर लपलेले आहे, हे काहीही न सोडवता कळले.

शोधायला निघा. क्ष उणे ८ घेतला तर य येतो उणे २८३१. उणे १० घेतला तर ३८०१. म्हणजे उत्तर या दोहोंच्या मध्ये. उणे ९ घ्या: ६५६१ वजा १६२ अधिक ३६००, झाले ९९९९. हेच ते दुसरे उत्तर. खुद्द भास्कराचार्यांच्या युक्तीतही ते सापडते. दोन्ही बाजूंत चार क्षवर्ग, चारशे क्ष आणि एक मिळवा. डावीकडे क्षवर्ग अधिक एक याचा वर्ग होतो, उजवीकडे दोन क्ष अधिक शंभर याचा. मुळे काढली की साधे वर्गसमीकरण उरते, त्याची उत्तरे ११ आणि उणे ९. ऋण राशीवर लोकांचा विश्वास बसत नाही, अशा अर्थाचे भास्कराचार्यांनी त्याच ग्रंथात दुसऱ्या एका उदाहरणाखाली म्हटले आहे. इथे आलेखाचे डावे शिंग त्या नकोशा उत्तराचीही साक्ष देते. विषम कोटीची तर गोष्टच वेगळी. तिथे एक टोक वर, एक खाली, तेव्हा रेघ एकदा तरी अक्ष ओलांडतेच.

आता शेतकरी मंडळींसाठी. प्रयोगाच्या वाफ्यांत खत कमीजास्त देऊन उत्पन्न मोजतात आणि त्या आकड्यांतून पुष्कळदा दोन कोटीची रेघ काढतात. सोयीचे आकडे मीच घेतो. समजा, हेक्टरी उत्पन्न क्विंटलमध्ये बरोबर २०, अधिक ०.२ क्ष, वजा ०.००१ क्षवर्ग, क्ष म्हणजे किलोत नत्र. खत नाही तेव्हा २० क्विंटल. १०० किलोला ३० क्विंटल, आणि हाच कळस. २०० किलोला पुन्हा २०. इथवर गोष्ट पटते, अति खताने पीक लोळते हे आपण जाणतो. आता ३०० घाला. उत्तर येते उणे १० क्विंटल! म्हणजे पीक तर गेलेच, वर घरच्या कणगीतले दहा क्विंटल शेताला द्यायचे! चूक गणिताची नाही. छपराची पाख खाली जाणारच होती. प्रयोग जिथवर झाला तिथवरच ती रेघ शेताची होती. त्यापुढे ती नुसती बहुपदीची आहे.

हे हसण्यावारी नेऊ नका. २०२० सालच्या मे महिन्यात अमेरिकेत करोनाने रोज हजाराहून अधिक माणसे दगावत होती. ५ मे रोजी तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार मंडळाने मृत्यूंच्या आकड्यांचा एक आलेख प्रसिद्ध केला. त्यात आकड्यांमधून काढलेली एक घनवक्राची रेघही होती. तिचे उजवे टोक असे खाली उतरले होते, की मेच्या मध्याला मृत्यू जवळजवळ शून्यावर येतात. पुष्कळ जाणत्यांनी त्याच दिवशी हरकत घेतली. महिना संपण्यापूर्वी तिथल्या मृत्यूंची एकूण संख्या एक लाखावर गेली. रोग इतक्यात हटेल असे त्या आकड्यांत कुठे होते? आपण घन बहुपदी निवडली, आणि घन बहुपदीला दूरवर आडवे पडून राहताच येत नाही. तिला वर तरी जावे लागते नाहीतर खाली तरी. रोगराई, पीक, माणसाची उंची या गोष्टी कुठेतरी मंदावतात, स्थिरावतात. बहुपदी स्थिरावत नाही. आकड्यांतून रेघ काढायला आज यंत्राला क्षणही लागत नाही, म्हणून हे ध्यानात ठेवायची गरज उलट वाढली आहे.

शिक्षकांना एक सुचवतो. फळ्यावर आलेख काढा, मधला भाग वर्तमानपत्राने झाका आणि फक्त टोके दाखवून कोटी सम की विषम, चिन्ह कोणते, हे मुलांना विचारा. पाच मिनिटांत वर्ग रंगतो. मग त्यांना हे द्या: य बरोबर, कंसात दोन वजा क्ष, गुणिले कंसात क्ष अधिक तीन, गुणिले कंसात क्ष वजा पाच. निम्मी मुले उजवे टोक वर काढतील, कारण बाहेर कुठेच उणे चिन्ह दिसत नाही. ते पहिल्या कंसात क्षच्या मागे दडून बसले आहे. त्यांना क्ष १०० घालून य काढायला सांगा.