खुलभर हॅशने गाभारा भरतो का?

हाताच्या तळव्याएवढा फलक, त्यावर एकच चिप, वर गुणगुणणारा पंखा. 'बिटॲक्स' नावाचं हे यंत्र घरच्या वायफायला जोडायचं आणि पंधरा-अठरा वॉट विजेवर रात्रंदिवस चालू ठेवायचं. यामुळे बिटकॉइनचं जाळं मजबूत होतं हे खरं का, असं एका वाचकाने विचारलं आहे. (यंत्र विकणारे तसं सांगतात, एवढं मीच जोडतो.)

आधी हिशेब. यंत्राचा वेग सेकंदाला साधारण एक टेराहॅश, म्हणजे व्यवहारांचा नवा ब्लॉक शोधण्याचे एकावर बारा शून्यं इतके प्रयत्न. साऱ्या जाळ्याचा वेग २०२५ मध्ये एक झेटाहॅशपलीकडे गेला. तिथे एकावर एकवीस शून्यं. आपला वाटा अब्जातला एक! वर्षाला सुमारे साडेबावन्न हजार ब्लॉक निघतात, तेव्हा आपल्या नावाचा निघायला सरासरी एकोणीस हजार वर्षं. विजेची दीडशेक युनिटं मात्र दर वर्षी.

श्रावणी सोमवारच्या कहाणीत गावभरच्या दुधाने न भरलेला गाभारा म्हातारीच्या खुलभर दुधाने भरतो. हॅशच्या दुनियेत असा चमत्कार नियमात बसतो, कारण इथल्या गाभाऱ्यात दूध साठतच नाही. कालचे अब्जावधी प्रयत्न वाया गेले म्हणून आजचा सोपा होत नाही. प्रत्येक थेंबाला गाभारा भरण्याची तेवढीच संधी. जुलै २०२४ मध्ये एका बिटॲक्सला खरोखरच अख्खा ब्लॉक लागला. बक्षीस ३.१२५ बिटकॉइन, तेव्हाच्या भावाने सुमारे दोन लाख डॉलर.

बातमी यंत्राची झाली, पण तो ब्लॉक ज्या 'सोलो सीकेपूल'मधून आला ते चालवणारा कॉन कोलिवास मला जास्त भावतो. हा ऑस्ट्रेलियातला भूलतज्ज्ञ. रुग्णांना भूल देता देता लिनक्सच्या गाभ्यात डोकं घालू लागला. प्रोसेसरचा वेळ कामांमध्ये न्यायाने वाटावा ही त्याची कल्पना. पण २००७ मध्ये लिनक्सने इंगो मोल्नार या दुसऱ्या प्रोग्रामरची रचना स्वीकारली आणि कोलिवासच्या वाट्याला श्रेयाची एक ओळ आली. पुढे २०११ मध्ये त्याने 'सीजीमायनर' हे खाणकामाचं, म्हणजे ब्लॉक शोधण्याचं, सॉफ्टवेअर लिहिलं. खाणकामाच्या कित्येक यंत्रांत पुढची अनेक वर्षं तेच धावत होतं. त्याचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

असो, मूळ प्रश्नाकडे येऊ. हल्लेखोराला जाळ्यावर ताबा मिळवायचा तर निम्म्याहून अधिक हॅश हाती हवा. ही भिंत एका टक्क्याने उंच करायला एक कोटी बिटॲक्स लागतील. शिवाय यंत्राचा आराखडा खुला असला तरी त्यातली चिप बिटमेन या चिनी कंपनीचीच, तिच्या अवजड यंत्रांत शेकड्यांनी बसते तीच. तेव्हा ताकदीच्या बाबतीत दावा फोल.

पण ब्लॉकमध्ये कोणते व्यवहार घ्यायचे हे कोण ठरवतं? बहुतेक खाणकामगार पूलला, म्हणजे अनेकांची ताकद एकत्र करणाऱ्या सेवेला, जोडलेले असतात आणि निवड पूलचा चालक करतो. जून २०१४ मध्ये जीहॅश.आयओ या एकाच पूलने निम्म्याची रेघ ओलांडली, तेव्हा बिटकॉइनवाल्यांची झोप उडाली होती. घरचं यंत्र अशा बड्या पूलला जोडलं तर बळ त्या पूललाच मिळतं.

आता समजा, एक लाख घरांतली यंत्रं आपापल्या नोडवर (ब्लॉक नियमात बसतात का हे तपासणाऱ्या संगणकावर) स्वतःचे ब्लॉक रचताहेत. वाटा दहा हजारातला एक. बाकी सगळ्यांनी एखाद्याचा व्यवहार वाळीत टाकला, तरी सरासरी दहा हजार ब्लॉकनंतर, म्हणजे सत्तरेक दिवसांत, तो नोंदला जाईल. हसू येईल, पण 'कधीच नाही'पेक्षा सत्तर दिवस बरे. अट एकच: हॅशच्या बहुमताने हे ब्लॉकच नाकारायचं ठरवू नये. ठरवलं, तर लाख घरांचंही काही चालत नाही.

म्हणून वाचकमित्राला सांगेन, आधी नोड चालवा. जुना लॅपटॉप आणि मोठी डिस्क पुरते. खोटा ब्लॉक नाकारण्याचा अधिकार नोडलाच असतो. मग हौस म्हणून बिटॲक्स घ्या, पण परक्या पूलला जोडू नका, कोलिवासच्याही नाही. तिथेही ब्लॉक त्याचाच सर्व्हर रचतो. त्याचं सॉफ्टवेअर मुक्त आहे, ते आपल्या नोडवर बसवता येतं. त्याचं दोन टक्के शुल्कही वाचेल.