गुंठ्याएवढा ठिपका

पिंपळनेरसारखे गाव ग्रामपंचायतीतून नगरपरिषदेत गेले की महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 प्रमाणे त्याला विकास आराखडा करावा लागतो, आणि त्याआधी कलम 25 नुसार विद्यमान जमीन-वापर नकाशा, म्हणजे आज कोठे घर, शेत, रस्ता वा नाला आहे याची नोंद, तयार व्हावी लागते. पिंपळनेर ज्या पांझरा खोऱ्यात आहे, तेथे ही नोंद फार जपून घेतली पाहिजे, कारण बंधाऱ्यावरून पाटाने पाणी आणून एका फडात, म्हणजे शेतांच्या एका गटात, सर्वांनी एकच पीक घ्यायचे, ही फड पद्धत येथे शतकानुशतके चालत आली आहे. सातबारा एकेकाचा असला तरी पाट सर्वांचा असतो, आणि वरच्या बाजूच्या एका प्लॉटच्या ले-आउटने तो बुजवला की खालच्या शेतांचे पाणी तुटते.

युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रे विनामूल्य मिळतात. त्यांतील एक ठिपका जमिनीवरचे 10 मीटर बाय 10 मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा व्यापतो, त्यामुळे वस्ती कोणत्या दिशेने पसरली हे त्यांतून उत्तम कळते, पण दोन-तीन हात रुंदीचा पाट त्या गुंठ्यात विरून जातो. 2019 मध्ये सोडलेल्या भारताच्या कार्टोसॅट-3 चा ठिपका मात्र सुमारे 25 सेंटिमीटरचा, म्हणजे वीतभर आहे.

हिरवे पान डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण जोरात परतवते, त्यावरून पीक ओळखता येते; तथापि एप्रिल-मे महिन्यांत पीक निघालेले उघडे शेत आणि मुरूम पसरलेले बिनशेती प्लॉट चित्रात सारखेच भासतात, म्हणून एकाच तारखेच्या चित्रावर विसंबणे धोक्याचे ठरते. पावसानंतर शेत पुन्हा हिरवे होते, प्लॉट होत नाही; दोन ऋतूंची चित्रे शेजारी ठेवली की हा भेद उघड होतो. पुराच्या दिवसांत आकाश ढगांनी झाकलेले असते, तेव्हा रडार उपग्रह उपयोगी पडतो, कारण त्याच्या लहरी ढगांतून पार जातात आणि साचलेले संथ पाणी चित्रात काळे उमटते, त्यामुळे पूररेषा तपासायला प्रत्यक्ष पुराचा आधार मिळतो.

झाडाखालून जाणारा पाट मात्र वीतभर ठिपक्यालाही दिसत नाही. तेथे पाटाचे पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याला बरोबर घेऊन पाटाच्या कडेने चालावे, वळणावळणावर जीपीएसने नोंद घ्यावी आणि ती रेघ आराखड्यात अधिकृतपणे ओढावी. तरच ले-आउट मंजुरीला आला असता तो कोणत्या पाटावर बसतो आहे हे मंजुरी देणाऱ्याला टेबलावरच दिसेल.