फितीवरच्या आठवणी तबकडीवर उतरवताना

सातारा-सांगलीकडील अनेक घरांत माळ्यावर किंवा कपाटाच्या वरच्या फळीवर व्हीएचएस कॅसेटींचा एखादा खोका हमखास सापडतो. १९८२ साली दिल्लीतील आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली, पाठोपाठ व्हीसीआर आले आणि पुढची वीसेक वर्षे लग्न, मुंज, बारसे अशा प्रत्येक कार्याला ‘शूटिंग’ करण्याची रीतच पडून गेली. आज हयात नसलेल्या आजी-आजोबांचा चेहरा छायाचित्रांत जपला गेला आहे. त्यांचा आवाज आणि बोलण्याची लकब मात्र बहुतेक घरांत केवळ या फितींवर उरली आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ सादर केले, त्या सांगलीत एखाद्या हौशी नाट्यप्रयोगाचे चित्रण कोणाकडे असेल, तर त्याचे मोल त्या कुटुंबापुरते राहत नाही.

या फितींचा मोठा शत्रू म्हणजे ओलावा. प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर चुंबकीय कणांचा थर एका चिकट द्रव्याने बसवलेला असतो. हे द्रव्य हवेतील बाष्प शोषून हळूहळू विघटित होते, तर दमट जागी फितीच्या कडांवर बुरशी धरते. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागातील घरांना या दमटपणाची वेगळी ओळख करून द्यायला नको. तेच पाणी कृष्णेतून सांगलीला पोहोचते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांचाही टप्पा पार केला. त्याआधी २००५ मध्ये आणि त्यानंतर २०२१ मध्येही शहराने महापूर पाहिला.

त्यातच यंत्रेही दुर्मिळ झाली आहेत. १९७६ मध्ये जपानच्या जेव्हीसी कंपनीने बाजारात आणलेल्या व्हीएचएसचे यंत्र बनवणारी फुनाई ही अखेरची मोठी कंपनी होती. तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. त्यामुळे फीत शाबूत असली, तरी ती वाचणारे यंत्र दरवर्षी अधिक कठीणपणे मिळणार, हे उघड आहे.

घरच्या घरी रूपांतर करण्यासाठी सर्वांत सोपे साधन म्हणजे व्हीसीआर आणि डीव्हीडी रेकॉर्डर एकाच पेटीत असलेले ‘कॉम्बो’ यंत्र. आता ते जुन्या बाजारातच मिळते. घेताना डीव्हीडीवर नोंद होते की ती नुसतीच दिसते, हे आवर्जून तपासावे. केवळ ‘प्लेअर’ असलेली यंत्रेही दिसायला अगदी तशीच असतात. यंत्रातील फिरता दंडगोल सेकंदाला २५ फेऱ्या घेत अर्धा इंच रुंदीच्या फितीवरील तिरप्या रेघा वाचतो. मिळालेल्या संकेतांचे अंकीय रूपांतर होते आणि लेझर किरण ते तबकडीवरील रंगद्रव्याच्या थरावर उमटवतो.

प्रथम प्रत्येक कॅसेट खिडकीतून नीट पाहावी. गुंडाळीवर पांढरट भुकटी किंवा ठिपके दिसले, तर ती यंत्रात मुळीच घालू नये. एका कॅसेटची बुरशी यंत्राच्या हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटींपर्यंत पोहोचते. पुरात भिजलेली फीतही लावून पाहू नये किंवा केस वाळवण्याच्या यंत्राने तापवू नये. ती जाणकाराकडे द्यावी. चांगली कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळावी, म्हणजे वर्षानुवर्षे चिकटून बसलेले वेढे मोकळे होतात. मग ‘ट्रॅकिंग’ जुळवून डबिंग सुरू करावे. पावसाळ्यापेक्षा हिवाळ्यातील कोरडी हवा या कामाला बरी.

फीत जेवढी, वेळ तेवढाच लागतो. तीन तासांचे लग्न उतरवायला तीन तास हवेत. ४.७ जीबीच्या तबकडीवर दोन तासांची ‘एसपी’ पद्धत निवडावी. चार किंवा सहा तास एकाच तबकडीवर कोंबले, तर चित्र चौकटी-चौकटींचे दिसू लागते. तीन तासांच्या कॅसेटला दोन तबकड्या लागल्या, तरी ती काटकसर करू नये. शेवटी ‘फायनलाइज’ ही आज्ञा विसरता कामा नये. त्याशिवाय ती तबकडी इतर यंत्रांवर बहुधा चालत नाही.

दोन अडचणी वारंवार येतात. अमेरिकेतील नातलगांनी पाठवलेल्या कॅसेटी एनटीएससी पद्धतीच्या असतात, तर आपल्याकडील पाल पद्धतीच्या. दोन्ही वाचणारे यंत्र नसेल, तर चित्र नीट दिसत नाही. आणि विकत घेतलेल्या चित्रपटांच्या कॅसेटींवर नक्कल रोखणारा संकेत असू शकतो, अशा वेळी रेकॉर्डर नोंद करण्याचे नाकारतो.

तबकडी हाती आली म्हणजे काम संपले, असे मात्र मानू नये. तबकडीतील रंगद्रव्य ऊन आणि उष्णतेने फिके पडते आणि नव्या लॅपटॉपमधून डीव्हीडीचा कप्पाही जवळपास नाहीसा झाला आहे. म्हणून तबकडीवरील चित्रण संगणकावर उतरवून हार्ड डिस्कवर ठेवावे. वीस कॅसेटींच्या चाळीस तबकड्या झाल्या, तरी त्या दोनशे जीबीच्या आत मावतात. दुकानातून काम करून घेतल्यास मूळ कॅसेट आणि संगणकीय प्रत दोन्ही परत मागाव्यात. प्रत नीट चालते, हे पाहिल्याशिवाय मूळ फीत टाकून देऊ नये.

सगळा खोका एकदम हाती घेणे शक्य नसेल, तर जी व्यक्ती आज नाही आणि जिचे दुसरे चित्रण कोठेही नाही, तिची कॅसेट सर्वप्रथम घ्यावी. तयार झालेल्या प्रतींपैकी एक दुसऱ्या गावी ठेवावी. सांगलीत नदीकाठी राहणाऱ्या कुटुंबाने एक प्रत साताऱ्यातील नातलगांकडे दिली, तर पुढच्या पुरात घरातले सामान वर चढवताना निदान या एका गोष्टीची काळजी उरणार नाही.