मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर घरी घ्यावयाची काळजी

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला साधारणपणे पंधरा ते वीस मिनिटे लागतात. डोळा पूर्णपणे बरा होण्यास मात्र चार ते सहा आठवडे लागतात आणि हा जवळजवळ सर्व काळ रुग्ण स्वतःच्या घरी असतो. त्यामुळे थेंब वेळेवर घालणे, डोळा स्वच्छ ठेवणे आणि धोक्याचे चिन्ह दिसताच रुग्णालय गाठणे ही जबाबदारी रुग्णावर आणि त्याच्या कुटुंबीयांवर येते.

राजस्थानची राजधानी जयपूर येथे २०२३ मध्ये घडलेल्या एका घटनेमुळे या विषयाचे गांभीर्य देशभरात जाणवले. सवाई मानसिंह या सरकारी रुग्णालयात त्या वर्षी जून महिन्यात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या अठरा रुग्णांची एका डोळ्याची दृष्टी गेल्याचे वृत्त जुलैमध्ये प्रसिद्ध झाले. डोळ्यात असह्य वेदना होऊ लागल्याने यांतील काही रुग्ण पुन्हा रुग्णालयात दाखल झाले होते. डॉक्टरांनी आपल्याकडून निष्काळजीपणा झाल्याचे नाकारले, तर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने या वृत्ताची स्वतःहून दखल घेतली.

एकाच ठिकाणी, एकाच सुमारास अनेक रुग्णांना संसर्ग होतो, तेव्हा त्याचे मूळ प्रामुख्याने शस्त्रक्रियागृहातील उपकरणे, द्रव किंवा निर्जंतुकीकरणाची पद्धत यांत शोधले जाते. अशा प्रसंगी रुग्णाच्या घरगुती वागणुकीकडे बोट दाखवणे योग्य ठरत नाही. तथापि, संसर्ग कोठूनही झालेला असला, तरी त्याची पहिली चाहूल बहुतेक वेळा घरीच लागते. ती ओळखण्यावर आणि त्यानंतरच्या काही तासांवर डोळा वाचणे अवलंबून असते.

आकडेवारी काय सांगते

देशात २०१५ ते २०१९ या काळात करण्यात आलेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणानुसार, पन्नास वर्षे व त्यापुढील वयोगटात अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण उपचार न झालेला मोतीबिंदू हे होते. त्याचे प्रमाण ६६.२ टक्के होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतील गुंतागुंतीमुळे आलेल्या अंधत्वाचे प्रमाण ७.२ टक्के होते. शस्त्रक्रिया टाळणे हा मोठा धोका आहे, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते; त्याचबरोबर शस्त्रक्रियेनंतरची काळजी दुय्यम मानता येत नाही, हेही दिसून येते.

जखम लहान, पण उघडी

मोतीबिंदूत डोळ्याचे नैसर्गिक भिंग गढूळ होते. ते काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवले जाते. असे भिंग प्रथम १९४९ मध्ये लंडन येथे सर हॅरॉल्ड रिडले यांनी बसवले होते. फेको पद्धतीत डोळ्याला दोन ते तीन मिलिमीटरचा छेद घेतला जातो. लहान छेदाच्या दुसऱ्या प्रचलित पद्धतीत तो सहा ते सात मिलिमीटरचा असतो. दोन्ही पद्धतींत बहुधा टाके घालावे लागत नाहीत, कारण डोळ्याच्या आतील दाबामुळे छेदाच्या कडा आपोआप मिटतात.

याच कारणामुळे पहिला आठवडा नाजूक मानला जातो. डोळा चोळल्यास किंवा त्यावर दाब आल्यास छेदाच्या कडा किंचित विलग होऊ शकतात आणि जंतूंना आत शिरण्यास वाट मिळते. झोपेत नकळत हात लागू नये म्हणून रात्री डोळ्यावर प्लॅस्टिकचे कवच बांधण्यास सांगण्यात येते. जड वजन उचलणे, जोराने खाकरणे, शौचाच्या वेळी कुंथणे आणि कमरेतून पूर्ण वाकणे या गोष्टी या काळात टाळाव्यात. खोकला किंवा बद्धकोष्ठता असल्यास त्यावर वेळीच औषध घ्यावे.

थेंब घालण्याची पद्धत

शस्त्रक्रियेनंतर सामान्यतः जंतुनाशक आणि सूज कमी करणारे स्टेरॉइडयुक्त थेंब दिले जातात. पहिल्या आठवड्यात ते दिवसातून अनेक वेळा घालावे लागतात व पुढे त्यांची संख्या टप्प्याटप्प्याने कमी केली जाते. बरे वाटू लागले म्हणून थेंब मध्येच बंद करू नयेत. त्याचप्रमाणे सांगितलेल्या मुदतीनंतर ते स्वतःच्या मनाने चालूही ठेवू नयेत, कारण स्टेरॉइडच्या दीर्घ वापराने काही व्यक्तींच्या डोळ्यातील दाब वाढतो.

थेंब घालणाऱ्याने प्रथम साबणाने हात धुवावेत. रुग्णाने मान मागे करून वर पाहावे, खालची पापणी हलकेच ओढावी आणि तेथे तयार होणाऱ्या खोबणीत एकच थेंब सोडावा. बाटलीचे टोक डोळ्याला, पापणीला किंवा बोटाला लागू देऊ नये. दोन वेगवेगळ्या औषधांमध्ये किमान पाच मिनिटांचे अंतर ठेवावे, अन्यथा दुसरे औषध पहिल्याला वाहून नेते. वयस्कर रुग्णाला बाटलीवरील बारीक अक्षरे वाचता येत नाहीत. अशा वेळी घरातील एकाच व्यक्तीने ही जबाबदारी घेणे व वेळापत्रक भिंतीवर लावणे सोयीचे ठरते.

धूळ, पाणी आणि घरगुती उपाय

जयपूरसारख्या शहरात मे-जून महिन्यांत धुळीची वादळे येतात. आसपासच्या खेड्यांत चुलीचा धूर आणि गुरांचा गोठा घरालगतच असतो. महाराष्ट्रातील अनेक गावांतही याहून वेगळी स्थिती नाही. बाहेर पडताना गडद रंगाचा, कडा झाकणारा चष्मा वापरावा आणि पहिले काही आठवडे धूर व धूळ यांपासून दूर राहावे. मकरसंक्रांतीला जयपूरच्या गच्च्यांवर पतंगांची गर्दी होते, होळीला गुलाल उधळला जातो. शस्त्रक्रिया अलीकडेच झालेल्या व्यक्तीने अशा ठिकाणी जाऊ नये.

डोळ्यात नळाचे किंवा विहिरीचे पाणी जाऊ नये म्हणून सुमारे आठवडाभर डोक्यावरून स्नान करू नये. चेहरा ओल्या, स्वच्छ कापडाने पुसावा. पापण्यांवरील चिकट स्राव उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने हळुवार टिपावा. ओढणीच्या किंवा साडीच्या पदराने, उपरण्याने अथवा रुमालाने डोळा पुसण्याची सवय कटाक्षाने सोडावी. काजळ, सुरमा, गुलाबपाणी, मध यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये.

मोतीबिंदू थंडीतच काढावा, हा समज अनेक ठिकाणी आजही आढळतो. लहान छेदाच्या आधुनिक शस्त्रक्रियेला ऋतूचे बंधन नाही. आहाराच्या बाबतीतही आंबट किंवा डाळ वर्ज्य करण्याचे कारण नाही. मधुमेही रुग्णांनी मात्र रक्तातील साखर नियंत्रणात ठेवणे आवश्यक आहे. दूरचित्रवाणी पाहिल्याने किंवा वाचन केल्याने डोळ्याला इजा होत नाही. थकवा आल्यास विश्रांती घ्यावी. वाहन चालवणे आणि शेतीची अथवा अंगमेहनतीची कामे डॉक्टरांच्या परवानगीनंतरच सुरू करावीत.

ही चिन्हे दिसल्यास थांबू नये

पहिले काही दिवस डोळ्यात किंचित खुपणे, पाणी येणे, प्रकाश सहन न होणे आणि सौम्य लाली असणे स्वाभाविक आहे. ही लक्षणे दिवसेंदिवस कमी होत जातात. ती वाढू लागणे हाच धोक्याचा इशारा होय. वेदना वाढणे, आधी सुधारलेली दृष्टी पुन्हा अंधुक होणे, लाली गडद होणे, पापण्या सुजणे किंवा पू येणे ही डोळ्याच्या अंतर्भागातील संसर्गाची लक्षणे असू शकतात. वैद्यकीय भाषेत या संसर्गाला एंडॉफ्थॅल्मायटिस म्हणतात. तो बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत प्रकट होतो. डोळ्याच्या आत थेट जंतुनाशकाचे इंजेक्शन देऊन त्यावर उपचार केले जातात आणि काही रुग्णांत आणखी एक शस्त्रक्रिया करावी लागते.

डोळ्यासमोर अचानक वीज चमकल्यासारखे होणे, असंख्य काळे ठिपके तरंगताना दिसणे किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटणे ही दृष्टिपटल सुटल्याची लक्षणे असू शकतात. तेव्हाही त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी.

औषधांच्या दुकानातून वेदनाशामक गोळी आणून रात्र काढणे किंवा पुढील ठरलेल्या तारखेची वाट पाहणे या टप्प्यावर महागात पडू शकते. रुग्णालय दूर असल्यास घरी परतण्यापूर्वीच दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : रात्री संपर्क साधावयाचा दूरध्वनी क्रमांक आणि जवळच्या कोणत्या केंद्रात नेत्रशल्यचिकित्सक उपलब्ध असतात. शस्त्रक्रियेचा कागद आणि भिंगाचा तपशील असलेले कार्ड सोबत ठेवावे.

चष्मा आणि पुढील तपासणी

सर्वसाधारणपणे दुसऱ्या दिवशी, आठवड्यानंतर आणि महिन्यानंतर तपासणी होते. डोळ्याचा क्रमांक चार ते सहा आठवड्यांत स्थिर होतो व त्यानंतरच नवा चष्मा दिला जातो. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी दृष्टी पुन्हा धूसर झाल्यास मोतीबिंदू परत आला असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात कृत्रिम भिंगामागील पातळ आवरण गढूळ झालेले असू शकते आणि काही मिनिटांच्या लेझर उपचाराने ते मोकळे करता येते. तपासणीची प्रत्येक तारीख पाळावी. दिसू लागले म्हणून ती चुकवू नये, असा सल्ला नेत्रतज्ज्ञ देतात.