पाणी नेमके कुठे मुरते

शहराच्या पाणीपुरवठ्यातला भ्रष्टाचार दोन पातळ्यांवर चालतो. वरची पातळी टेंडरची. ठरावीक ठेकेदारच बसेल अशा अटी, चढ्या दराने घेतलेले पाइप, कागदावर पूर्ण आणि जमिनीत अर्धवट असलेली कामे, आणि या सगळ्यातून वाटली जाणारी टक्केवारी. खालची पातळी रोजच्या चिरीमिरीची. नळजोडणीची फाइल पुढे सरकावी, मीटरचा आकडा कमी लिहिला जावा, बेकायदा जोडणीकडे काणाडोळा व्हावा, चावीवाल्याने आपल्या गल्लीचा व्हॉल्व्ह जरा जास्त वेळ उघडा ठेवावा, यासाठी हात ओले केले जातात. बातमी होते ती वरच्या पातळीची. नागरिकाची गाठ पडते ती खालच्या पातळीशी.

पाण्याला ही कीड सहज लागते. शहरात पाणी देणारी यंत्रणा एकच असते, त्यामुळे ग्राहकाला दुसरे दार नसते, आणि पाण्यावाचून चार दिवस थांबणेही शक्य नसते. शिवाय पाइप जमिनीखाली. शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी आणि बिलात उमटलेले पाणी यांच्यात मोठी तफावत असली, की तिला ‘गळती’ म्हणून मोकळे होता येते. त्यातले फुटक्या पाइपांमुळे किती गेले आणि चोरीने किती, हे मीटर नसतील तर कोणीच सांगू शकत नाही. काहींना ते सोयीचेच असते. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या २००८ च्या अहवालातील अंदाजानुसार विकसनशील देशांत भ्रष्टाचारामुळे नळजोडणीचा खर्च ३० टक्क्यांपर्यंत वाढतो. ज्यांना तो झेपत नाही ते पाणी टँकरने किंवा हंड्याने विकत घेतात, आणि लिटरमागे नळवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त मोजतात.

खासगी कंपनीकडे कारभार सोपवला की प्रश्न मिटतो, ही समजूत फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहराने खोटी ठरवली. तिथे १९८९ मध्ये पाणीपुरवठा एका मोठ्या कंपनीच्या उपकंपनीकडे गेला. त्या व्यवहारात लाच घेतल्याबद्दल महापौर आलँ कारिन्याँ यांना पुढे तुरुंगात जावे लागले आणि शहराने पाणी पुन्हा स्वतःच्या ताब्यात घेतले. मालकी कोणाची, यापेक्षा हिशेब कोणाला दिसतो हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

तो हिशेब उघडा करण्याचे सर्वांत ठळक उदाहरण कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह हे आहे. ख्मेर रूज राजवटीने १९७५ मध्ये हे शहर सक्तीने रिकामे केले होते. पुढच्या काळात लोक परतले, पण पाणीपुरवठ्याची यंत्रणा मोडकळीस आलेली होती. १९९३ मध्ये सुमारे ७२ टक्के पाण्याचे पैसेच येत नव्हते. नळ शहराच्या जेमतेम चौथ्या हिश्शाला, तोही दिवसातून दहाएक तास. निम्म्याहून अधिक बिले थकलेली. कर्मचारीच पैसे घेऊन बेकायदा जोडण्या देत होते, आणि मोठी माणसे फुकट पाणी वापरत होती.

त्या वर्षी शहराच्या पाणीपुरवठा संस्थेची सूत्रे इंजिनिअर एक सोन चान (‘एक’ हे त्यांचे आडनाव) यांच्याकडे आली. सुरुवात भाषणांनी नव्हे, शिरगणतीने झाली. कर्मचारी घरोघर पाठवून नोंदवहीतली नावे आणि प्रत्यक्षातले नळ ताडून पाहिले गेले. हजारो नोंदी अस्तित्वात नसलेल्या ग्राहकांच्या निघाल्या, आणि पाणी वापरणारी हजारो घरे नोंदवहीतच नव्हती. मग प्रत्येक जोडणीला मीटर आणि बिलाला संगणक आला. बेकायदा जोडणी कळवणाऱ्याला बक्षीस, वापरणाऱ्याला दंड, आणि त्यात हात असलेल्या कर्मचाऱ्यावर कारवाई, असा नियम झाला.

खरी कसोटी बड्या थकबाकीदारांची होती. मीटर बसवायला गेले असता एका लष्करी अधिकाऱ्याने आपल्यावर पिस्तूल रोखले, असे चान यांनी पुढे मुलाखतीत सांगितले. ते परत गेले, ते सशस्त्र पोलिसांची तुकडी घेऊन, आणि त्या घराचे पाणी तोडले. सरकारी कार्यालयांनाही बिल भरावे लागले. सामान्य ग्राहक पैसे भरू लागला यामागे हे एक मोठे कारण असावे. वरच्याला सूट आणि खालच्याला नोटीस असेल तर कोणी मनापासून बिल भरत नाही.

दुसरी बाजू पगाराची. तुटपुंज्या पगारावर माणूस ठेवायचा आणि त्याच्याकडून सचोटीची अपेक्षा करायची, हा ढोंगीपणा तिथे चालू ठेवला नाही. १९९६ च्या शासकीय आदेशाने संस्थेला स्वायत्तता मिळाली. पगार वाढले, चांगल्या कामाला बोनस आणि गैरकारभाराला शिक्षा ठरली. दर हजार जोडण्यांमागे २२ कर्मचारी होते, ते चारपर्यंत खाली आले. गरीब कुटुंबांना जोडणीच्या खर्चात सवलत आणि हप्त्यांची सोय मिळाली, त्यामुळे चोरून नळ घेण्याचे कारणच उरले नाही. दीड दशकात बेहिशेबी पाणी सहा टक्क्यांच्या आसपास आले, पुरवठा चोवीस तास झाला. चान यांना २००६ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या यशाला जपान, फ्रान्स, जागतिक बँक आणि आशियाई विकास बँक यांच्या मदतीचा आणि पंतप्रधानांच्या पाठिंब्याचा आधार होता. त्याच देशातल्या इतर खात्यांत मात्र भ्रष्टाचार टिकून राहिला. म्हणजे नॉम पेन्हचा नमुना जसाच्या तसा उचलता येत नाही. मोजमाप, पगार आणि बड्यांपासून वसुली, या तीन गोष्टी मात्र उचलता येतात.

जिथे असा प्रमुख लाभत नाही तिथे नागरिकांचा दाब उपयोगी पडतो. बंगळूरमध्ये सॅम्युएल पॉल यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये नागरिकांनी सार्वजनिक सेवांचे प्रगतिपुस्तक प्रसिद्ध केले. पाणी, वीज, महापालिका यांच्याबद्दल लोक किती समाधानी आहेत आणि लाच किती द्यावी लागते, हे त्यात होते. १९९९ च्या फेरीत सुधारणा किरकोळ दिसली, २००३ च्या फेरीत समाधान स्पष्टपणे वाढले.

सांडपाणी आणि मैल्याच्या कामात लपवाछपवी आणखी सोपी असते. सेप्टिक टँक उपसणाऱ्या गाडीने मैला प्रक्रिया केंद्रात नेला की नाल्यात सोडला, हे रात्री कोण पाहणार? खेप केंद्रात पोहोचल्याच्या पावतीवरच पैसे देणे आणि गाडीवर जीपीएस बसवणे, हे साधे उपाय आहेत. ठेकेदाराकडच्या सफाई कामगारांचा पगार थेट त्यांच्या बँक खात्यात गेला, तर हजेरीपटावरची खोटी नावे आणि मधली कपात दोन्ही कमी होतात.

महाराष्ट्रात २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांना मुदत घालून दिली आहे आणि नळजोडणी त्यांत येते. मुदत चुकली तर दोन अपिले करता येतात, त्यानंतर सेवा हक्क आयोगाकडे जाता येते, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही, पण दंड अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून जातो. नळजोडणीचा अर्ज देताना पोच अवश्य मागून घ्यावी. मुदत कधी सुरू झाली हे अपिलात तिच्यावरूनच दाखवता येते.