आघाडीवीर वाईट, की त्याची जागा चुकलेली?

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटण्याच्या वेळेला एखाद्या चहाच्या टपरीपाशी उभे राहून पाहा. जादा कामाच्या आणि पगाराच्या गोष्टी संपल्या की बोलणे हटकून खेळावर येते. पूर्वी ते कुस्ती, कबड्डी आणि क्रिकेट एवढ्यापुरतेच असे. आता कारखान्यांत कोल्हापूरचे फिटर आहेत, बंगालचे वेल्डर आहेत, केरळचे तंत्रज्ञ आहेत. आणि या मंडळींबरोबर फुटबॉलचा वादही चाकणला राहायला आला आहे.

असाच एक वाद मी ऐकला. आदल्या रात्रीच्या सामन्यातल्या एका आघाडीच्या खेळाडूवर एक गृहस्थ भलतेच चिडले होते. "नव्वद मिनिटं नुसता पळाला. गोल एक नाही. कशाला घेतात असल्याला?" त्यावर कोल्हापूरचा एक तरुण शांतपणे म्हणाला, "काका, पण त्याच्याकडं बॉल किती वेळा आला, ते मोजलं का?"

वाचकहो, सगळा विषय या दोन वाक्यांत आहे. पहिले वाक्य खेळाडूच्या गुणवत्तेविषयी बोलते. दुसरे त्याच्या जागेविषयी. आपण या दोन गोष्टींची गल्लत करतो, आणि मग एखाद्या चांगल्या मुलावर "याला काही येत नाही" असा शिक्का बसतो. म्हणून हे दोन प्रश्न वेगळे कसे करायचे, ते आज पाहू.

प्रथम आकड्यांचा उलगडा करू. ४-४-२, ४-२-३-१ असे आकडे आपण ऐकतो. गोलरक्षक यात धरलेला नसतो. उरलेल्या दहा जणांची ही मागून पुढे केलेली मोजणी आहे. ४-४-२ म्हणजे मागे चार बचावपटू, मध्ये चार आणि पुढे दोन. ४-२-३-१ म्हणजे मागे चार, त्यांच्यापुढे राखणीला दोन, त्यांच्यापुढे चढाईला तीन आणि सर्वांत पुढे एकटा एक. बेरीज दोन्हीकडे दहाच. पण पहिल्या मांडणीत आघाडीवीराला शेजारी जोडीदार आहे, आणि दुसऱ्या मांडणीत तो शत्रूच्या गोटात एकटा उभा आहे. शेवटच्या एका आकड्याने त्याचे सगळे काम बदलते.

हे काम कसे बदलते, ते कबड्डीवरून चटकन कळेल, कारण कबड्डी आपल्या मातीतली आहे. समोर सहा किंवा सात गडी असतील, तरच चढाई करणाऱ्याला बोनस रेषेचा गुण मिळतो. एखादा गडी बोनस घेण्यात पटाईत असतो. समोर सात जण असताना तो सोने आहे. पण समोर तीनच गडी उरले, की त्याची ती कला खिशात राहते. तेव्हा हात लावून परत येणारा, अंगात रग असलेला गडी हवा. म्हणून पहिला गडी वाईट ठरतो का? मुळीच नाही. प्रसंग बदलला, म्हणून कामाचा माणूस बदलला.

फुटबॉलमध्ये आघाडीची कामे ढोबळमानाने चार आहेत. पहिले काम, गोलकडे पाठ करून उभे राहायचे, लांबून आलेला चेंडू छातीवर किंवा पायावर झेलायचा, मागून बचावपटू ढकलत असताना तो राखायचा आणि सोबती येईपर्यंत थांबायचे. याला अंगाचा कणखरपणा आणि धीर लागतो. दुसरे काम, बचावफळीच्या पाठीमागे जी मोकळी जागा असते, तिच्यात वेळ साधून धाव घ्यायची. याला वेग लागतो. आणि तो चेंडू नेमका त्या क्षणी सोडणारा सोबतीही लागतो. तिसरे काम, गोलच्या तोंडाशी दबा धरून राहायचे आणि सुटलेला चेंडू आत ढकलायचा. चौथे काम, बगलेवरून सुरुवात करून तिरके आत शिरायचे. एकाच खेळाडूला ही चारही कामे सारखीच जमतील, असे फार थोड्यांच्या बाबतीत घडते. आपण मात्र "स्ट्रायकर" या एका शब्दात चारही कामे कोंबतो आणि गोल किती, एवढेच विचारतो.

आता काही घडलेली उदाहरणे घेऊ.

१९५६ सालच्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यातले तीन गोल नेव्हिल डिसोझा यांचे होते. हे गोव्यातल्या आसगावचे, खेळले मुंबईत. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाकडून भारत ४-१ असा हरला, तेव्हाही भारताचा एकमेव गोल त्यांचाच. त्या स्पर्धेत सर्वाधिक चार गोल करणाऱ्यांत त्यांचे नाव आले. पण हेही ध्यानात ठेवा की तो काळ पुढे पाच-पाच जण ठेवून खेळण्याचा होता. उजव्या बगलेला पी. के. बॅनर्जी यांच्यासारखा खेळाडू चेंडू पुरवायला होता. नेव्हिल यांचे गुण अस्सल होतेच. पण त्या गुणांना खाद्य घालणारी माणसे भोवती होती.

सहा वर्षांनंतरची गोष्ट तर फारच बोलकी आहे. १९६२ साली जकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. आपल्या संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. संघाचा बचावाचा खांब म्हणजे जर्नेल सिंग. स्पर्धा चालू असताना त्यांच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले. पट्टी बांधलेल्या माणसाला बचावात ठेवणे धोक्याचे. दुसरा कोणी असता तर त्याने त्यांना बाहेर बसवले असते. रहीम यांनी त्यांना उचलून थेट आघाडीला उभे केले! उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध जर्नेल यांनी गोल केला, आणि ४ सप्टेंबर १९६२ रोजी दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यातही केला. भारत २-१ असा जिंकला, सुवर्णपदक आले.

हा केवळ चमत्कार होता का? मला तसे वाटत नाही. चुनी गोस्वामी, बलराम, पी. के. बॅनर्जी असे चपळ खेळाडू संघात आधीच होते. त्यांच्यात भर पडली ती धिप्पाड शरीराची आणि प्रतिस्पर्धी बचावपटूंना गुंतवून ठेवणाऱ्या ताकदीची. रहीम यांनी "हा आघाडीवीर आहे का?" असा प्रश्न विचारला नाही, "आपल्या मांडणीत पुढे कशाची गरज आहे, आणि ते याच्यापाशी आहे का?" असा विचारला.

आता आपल्या जवळ येऊ. इंडियन सुपर लीगच्या २०१७-१८ च्या हंगामात पुण्याचा संघ, एफ. सी. पुणे सिटी, पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेला. बालेवाडीच्या मैदानावर बेंगळुरूशी ०-० अशी बरोबरी झाली. ११ मार्च २०१८ रोजी बेंगळुरूला परतीचा सामना झाला, तो पुणे १-३ असा हरले. आणि ते तिन्ही गोल सुनील छेत्रीने केले, त्यात एक पेनल्टीचा. गंमत अशी की तो हंगाम छेत्री मधला आघाडीवीर म्हणून खेळतच नव्हता. मधली जागा व्हेनेझुएलाच्या मिकूकडे होती. छेत्री डावीकडून सुरुवात करी. हंगामाअखेर मिकूचे १५ गोल झाले, छेत्रीचे १४. बचावपटूंचे लक्ष मिकूने बांधून ठेवावे आणि छेत्रीने बाजूने आत घुसावे, असा तो हिशेब होता. पुढे ६ जानेवारी २०१९ रोजी आशियाई चषकात भारताने थायलंडला ४-१ असे हरवले. त्या दिवशी हाच छेत्री आशिक कुरुनियनच्या जोडीने पुढे खेळला, आणि त्याने दोन गोल केले. माणूस तोच, कामे मात्र दोन.

आणि शेवटचे उदाहरण आपल्या कोल्हापूरच्या मुलाचे, अनिकेत जाधवचे. बालेवाडीच्या क्रीडाप्रबोधिनीत तो घडला. ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला, तेव्हा अमेरिकेविरुद्धच्या पहिल्या सामन्यात आघाडीला तो होता. भारत ०-३ असा हरला. पुढे कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४ अशी हार झाली. तीन सामन्यांत भारताचा गोल एकच, आणि तो केला जॅक्सन सिंग या मध्यफळीतल्या मुलाने, कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर डोके लावून. आघाडीवीरांपैकी कोणालाच गोल करता आला नाही. आता सांगा, याचा दोष मुलांच्या पायांत शोधायचा, की जिथे संघाला बहुतेक वेळ स्वतःच्या गोलसमोर राबावे लागत होते त्या परिस्थितीत? समोर बलाढ्य संघ, आणि पुढे उभ्या मुलापर्यंत चेंडू पोचतच नाही. अशा सामन्यावरून सतरा वर्षांच्या मुलाची किंमत ठरवणे म्हणजे प्रेसमध्ये डाय चुकीची बसवून पत्र्याला नावे ठेवण्यासारखे आहे.

पुढे काय झाले? पुण्याचा संघ २०१९ साली बंद पडला आणि त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. त्याच हैदराबादकडून २०२१-२२ च्या हंगामात अनिकेत बगलेवर खेळला. मध्ये बार्थोलोम्यू ओगबेचे होता. त्याने त्या हंगामात १८ गोल केले. २० मार्च २०२२ रोजी मडगावला अंतिम सामना झाला आणि हैदराबाद विजेते ठरले. अनिकेतचा वेग वाया गेला नाही. त्याला धावायला जागा मिळाली, एवढेच.

येथे कोणी म्हणेल, "प्राध्यापकमहाशय, अशाने तर कोणताच खेळाडू वाईट ठरायचा नाही. ज्याला त्याला मांडणीची ढाल मिळेल." ही शंका रास्त आहे. काही गोष्टी कोणत्याही मांडणीत लागतातच. आलेला चेंडू पहिल्या स्पर्शात काबूत येतो का; मारण्यापूर्वी मान वर करून गोलरक्षक कुठे आहे हे पाहिले जाते का; चेंडू गमावल्यावर खेळाडू परत धावतो का, की कमरेवर हात ठेवून उभा राहतो. यांत खोट असेल तर ती मांडणीवर ढकलता येत नाही. समोर रिकामा गोल असताना चेंडू बाहेर गेला, तर तो ४-४-२ मध्येही बाहेर आणि ४-२-३-१ मध्येही बाहेरच!

तेव्हा पुढच्या वेळी सामना पाहताना तीन गोष्टी मोजा. एक, गोलच्या टप्प्यात त्याच्याकडे चेंडू किती वेळा आला. दोन, चेंडू आला तेव्हा त्याचे तोंड गोलकडे होते की पाठ, आणि पाच-दहा पावलांवर सोबती होता की नाही. तीन, चेंडू नसताना तो काय करत होता. कारण त्याच्या धावेमागे बचावपटू ओढला गेला आणि मोकळ्या जागेत दुसऱ्याने गोल केला, तर त्या गोलात त्याचाही वाटा असतो, जरी धावफलकावर त्याचे नाव येत नाही. चेंडू पाच वेळा नीट आला आणि पाचही वेळा फुकट गेला, तर खुशाल टीका करा. आलाच नसेल, तर प्रश्न प्रशिक्षकाला विचारा.

हे मोजमाप केवळ दूरचित्रवाणीवरच्या तारांसाठी नाही. शाळा-महाविद्यालयांच्या निवडचाचण्यांत एखादा मुलगा अर्धा तास अनोळखी सोबत्यांबरोबर खेळतो आणि आपण वहीत त्याच्या नावापुढे फुली मारतो. मीही अशा फुल्या मारल्या आहेत. एका मुलाला "तू फॉरवर्ड नाहीस" म्हणून परत पाठवले. पुढल्या वर्षी तो दुसऱ्या संघाकडून, बगलेवरून, आमच्याच विरुद्ध खेळला आणि आमच्या बचावाची दाणादाण उडाली. त्या दिवसापासून फुली मारण्यापूर्वी मी त्या मुलाला आणखी एका जागेवर खेळवून पाहतो. वीस मिनिटे जास्त जातात, पण एखादा मुलगा खेळात टिकतो.

त्या टपरीवरच्या काकांनीही शेवटी चहाचा पेला खाली ठेवला आणि विचारले, "बरं बाबा, मग किती वेळा आला होता बॉल त्याच्याकडं?" कोल्हापूरचा तरुण हसून म्हणाला, "मी चार मोजले. पुढच्या सामन्याला तुम्ही मोजा."