कंपनीच्या खर्चाने पुढचं शिक्षण

नोकरी सांभाळून एमटेक किंवा एमबीए करायचं असेल, तर फीसाठी कंपनीला जरूर विचारा. आधी एचआरकडून शिक्षण साहाय्याचं धोरण लेखी घ्या: किती वर्षांच्या नोकरीनंतर, कोणत्या अभ्यासक्रमाला, किती रकमेपर्यंत. अनेक ठिकाणी फी आधी स्वतः भरायची असते. पास झाल्यावर पावती आणि गुणपत्रिका जोडली की पैसे मिळतात. अर्जात शिकलेलं कोणत्या कामी येईल, ते नेमकं लिहा.

बदल्यात बाँड येतो, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची लेखी हमी. सरकारी नोकरीतही तसंच असतं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला साधारणपणे ५ वर्षांच्या सेवेनंतर एकूण २४ महिन्यांपर्यंत अध्ययन रजा मिळू शकते. परतल्यावर ३ वर्षं सेवा करण्याचं बंधपत्र द्यावं लागतं. ‘बाँड कोर्टात टिकत नाही’ हा समज घातक आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा ३ वर्षांचा, २ लाख रुपयांचा नोकरीचा बाँड वैध ठरवला.

म्हणून सहीपूर्वी दोन गोष्टी तपासा. बाँडची मुदत प्रवेशापासून मोजणार की पदवीपासून? मध्येच नोकरी सोडल्यास परतफेडीची रक्कम झालेल्या सेवेच्या प्रमाणात कमी होते का? होत नसेल, तर तशी अट करारात घालून घ्या.